खोटं बोलणाऱ्या बाईंचा इंग्रजीचा तास

वहिनी,

तुझा वर्ग बंद झाला. निष्कर्ष आधी सांगायचा आणि पुरावे मागून मांडायचे, ही माझी सवय तुला कधीच आवडली नाही. गोष्ट सांगताना शेवट पदराखाली झाकून ठेवावा, ऐकणाऱ्याला थोडं ताटकळू द्यावं, असं तुझं मत होतं. पण ही गोष्ट तुला आडवळणाने सांगण्याचं बळ माझ्यात नाही. तू गेलीस आणि पावसाळा सरायच्या आत तुझ्या मागोमाग तुझा इंग्रजीचा तासही गेला. तो वाचवण्याचं काम माझ्यावर सोपवलं होतं.

आपल्या इथल्या मराठी मंडळींच्या अंकासाठी तुझ्यावर चार पानं लिहून द्या, असा मला निरोप आला. तुझा जन्म, शिक्षण, आजार आणि सद्गुण त्यांना हवे आहेत. त्यातलं काहीही मी लिहिणार नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जे सगळ्यांना ठाऊक आहे ते लिहून तू मला परत मिळत नाहीस. आपला वाद अर्धा राहिला आहे. मला तो पुढे चालवायचा आहे, आणि समोर कुणी नाही. इतकी हतबल मी यापूर्वी कधीही नव्हते.

वाद सुरू झाला तो दिवस तुला आठवत असेल. नव्या राज्याची घडी अजून बसत होती. इंदोरचं राजधानीपण गेलं होतं, कचेऱ्या एकेक करून भोपाळला हलत होत्या, आणि दादाची कचेरीही त्यात गेली होती. सरकारी शाळांत इंग्रजी सहावीपासून, असं ठरलेलं. तरी तू छत्रीबागेतल्या आपल्या त्या छोट्या मराठी शाळेच्या मंडळाकडे हट्ट धरलास की तिसरी-चौथीला रोज एक तास इंग्रजीचा द्या. घरात मराठी, गल्लीत माळवी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या मुलांना चौथी भाषा कशाला, असं मंडळाने विचारलं. तीन येतात म्हणूनच चौथी येईल, असं तू म्हणालीस. त्यांनी तास दिला, कारण नकार देण्यापेक्षा तुला तास देणं सोपं होतं.

मी तेव्हा रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला होते. एका सकाळी कॉलेजला जाताना तुझा डबा द्यायला शाळेत आले आणि दारातच थबकले. तुझ्या टेबलावर पाण्याचा पेला होता. तू पिशवीतून केळं काढलंस, ते पेल्यात घालून ढवळायला लागलीस आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "धिस इज अ स्पून."

वर्ग उसळला. "नो, बाई! इट इज अ बनाना!"

तू ऐकलं नाहीस. तो चमचाच आहे, चांगला आहे, माझ्या सासूबाईंचा आहे, असं तू इंग्रजीत ठासून सांगत राहिलीस. मुलं बाकांवर उभी राहिली. पहिल्या बाकावरची कुसुम, मिलमधल्या मुकादमाची मुलगी, दोन शेंड्यांची, हडकुळी, तरातरा पुढे आली. तिने तुझ्या हातातून केळं ओढून घेतलं, सोललं आणि एक घास खाऊन टाकला. "आय ईट, बाई. नो स्पून!" पुराव्याची इतकी चोख पद्धत मी आमच्या प्रयोगशाळेतही पाहिलेली नव्हती. तरीसुद्धा माझा संताप झाला होता.

संध्याकाळी खान नदीच्या कडेने घरी येताना मी तुला तो बोलून दाखवला. मुलांच्या कानावर पडणारा पहिला नमुना शुद्ध असला पाहिजे, असं माझं म्हणणं होतं. द्रावणात आरंभीच अशुद्धी गेली तर पुढची सगळी मापं चुकतात. जे मूल स्पून हा शब्द पहिल्यांदा ऐकतं आहे, त्याच्यासमोर केळं धरणं हा शिक्षणाचा अपराध आहे. मी बरंच बोलले. तू सगळं ऐकून घेतलंस आणि मग एकदम अहोजाहोवर आलीस. माझी टिंगल करायची असली की तू तसंच करायचीस.

"वन्सं, तुमच्या नळीतल्या पाण्याला राग येत नाही," तू म्हणालीस. "माझ्या मुलांना येतो. राग आला की माणूस बोलतो."

मग तू महूच्या तुझ्या लहानपणाचं सांगितलंस. तुझे वडील रेल्वेत होते, क्वार्टरच्या रांगेत शेजारी गोऱ्या-सावळ्या गार्डांची मुलं. तुला कुणी इंग्रजी शिकवलं नव्हतं. एक दिवस तुझी बाहुली शेजारच्या पोराने पळवली आणि तो ती आपलीच आहे असं सांगू लागला, तेव्हा तुझ्या तोंडून पहिलं पूर्ण इंग्रजी वाक्य बाहेर पडलं. बाहुली मिळाली, वर इंग्रजीही मिळालं, असं तू म्हणायचीस. ज्या भाषेत भांडता येत नाही ती आपली झालेली नसते, हे तुझं सूत्र. म्हणून तू मुलांना शब्द दिलेस ते भांडायला पुरतील इतकेच, आणि भांडणाचं कारण मात्र रोज ताजं दिलंस.

मी म्हटलं, हे सूत्र एका उदाहरणावर उभं आहे. तू म्हणालीस, मग दुसरं उदाहरण तुझ्यावर करू.

आणि तू केलंस. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला मीठ म्हणू लागलीस, सराफ्यातल्या जिलबीला पोळी म्हणू लागलीस, तेही इंग्रजीतून, आई-बाबांसमोर. मी दर वेळी तुला दुरुस्त करायची, तेही इंग्रजीतून, आणि तू ओट्याशी उभी राहून पदर तोंडाला लावून हसायचीस. मी परदेशी नियतकालिकं घडाघडा वाचत होते, पण तोंड उघडायचं म्हटलं की पहिल्याच शब्दाला अडखळायची. हे घरात फक्त तुला माहीत होतं.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही. मुंबईला संशोधनाच्या जागेसाठी मुलाखत झाली, तेव्हा समोरच्या तिघांपुढे मला माझं नावसुद्धा नीट सांगता आलं नाही. मग त्यातले एक प्राध्यापक एका प्रयोगाविषयी बोलताना चक्क चुकीचं बोलले. मुद्दाम की अनवधानाने, मला अजून कळलेलं नाही. मला राग आला आणि मी बोलले. सलग, स्वच्छ, न अडखळता, त्यांचं म्हणणं संपूर्ण खोडून काढेपर्यंत. जागा मला तिथेच मिळाली; रुजू व्हायला अजून अवकाश आहे. परतीच्या प्रवासात मला स्पष्ट दिसत होतं की त्या खोलीत मी नाही, कुसुम बोलली होती. घरी आल्यावर तू विचारलंस, कसं झालं? मी म्हटलं, तयारी चांगली होती. तू माझ्या हातावर बत्तासा ठेवलास. हे तुला सावकाश, सविस्तर सांगायचं मी ठरवलं होतं. वेळ आहे, असं मी गृहीत धरलं होतं. कुठलंही गृहीतक तपासल्याशिवाय वापरू नये, हे मी रोज कॉलेजात मुलांना शिकवते.

या वर्षी तू भोपाळला जाणार होतीस. दादा दर शनिवारी येऊन रविवारी रात्री जायचा आणि जाताना तेच विचारायचा. ही चौथी पाचवीत गेली की येते, हे तुझं ठरलेलं उत्तर. तू वर्गातही भोपाळला सोडलं नव्हतंस. "इंदोर इज द कॅपिटल," तू छाती काढून सांगायचीस, आणि मुलं ओरडायची, "नो, बाई! भोपाळ इज द कॅपिटल!" तू डोळे वटारून विचारायचीस, "हू सेज?" त्यावर कुसुमने एकदा शांतपणे उत्तर दिलं, "युवर हजबंड, बाई." तू ते घरी येऊन सांगितलंस तेव्हा आई खोटंखोटं रागावली आणि बाबा वर्तमानपत्राआड हलत राहिले. तेव्हापासून ते वर्गाचं ठरलेलं उत्तर झालं. मी सोडून सगळे हसले होते. राजधानीसारख्या गोष्टीत मुलांचा गोंधळ होऊ नये, असं मी जेवताना म्हटलं.

मुलांचा गोंधळ कधीच झाला नाही, वहिनी. हे मी आता लिहून देते.

तुझे दिवस झाल्यावर शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. मंडळाची माणसं दरवर्षीप्रमाणे शाळा पाहायला यायची होती. चौथीच्या मुलांनी त्यांच्यासमोर चार वाक्यं बोलून दाखवली, तर तास राहील आणि नवी शिक्षिका नेमता येईल. नाही तर तो वेळ टकळीवर सूत कातायला द्यायचा, असं मंडळात घाटत होतं. कॉलेजात माझं काम अकराला सुरू होतं. तोवर तुम्ही घ्याल का, असं त्यांनी विचारलं. दादा तिथेच बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. याच वर्गासाठी तू इंदोरला राहिली होतीस. तो वर्गही बुडाला, तर तुझ्या राहण्याला त्याच्या लेखी काय अर्थ उरणार होता? मी हो म्हटलं.

मुलं माझ्यासमोर गप्प बसली.

सुरुवातीला मी त्याला दुःख समजले. दुःख ओसरतं, म्हणून मी वाट पाहिली. शांतता ओसरली नाही. मग मी मला येतं तसं केलं, एका वेळी एकच घटक बदलला. बसण्याची रचना बदलली. चित्रं आणली. फळा सोडून बाकांमध्ये फिरत शिकवलं. उच्चार स्वच्छ ठेवले, वाक्यं लहान, प्रत्येक वस्तूचं नाव अचूक. "धिस इज अ बुक," मी म्हणायची, आणि ते पुस्तकच असायचं. मुलं माझ्याकडे पाहत राहायची. वह्यांत सगळं बरोबर लिहायची. बोला म्हटलं की खाली मान. मंडळाचा दिवस जवळ येत होता आणि माझ्या हाताला काही लागत नव्हतं.

शेवटी कुसुमला मधल्या सुट्टीत गाठलं. ती जांभळं खात होती. मी विचारलं, तुम्ही बोलत का नाही?

"बोलायचं काय, बाई?" ती म्हणाली. "तुम्ही तर सगळं सहीच बोलता. त्या बाई झूठ बोलायच्या. मग आम्ही पकडायचो ना."

मला हे आधी कळायला हवं होतं, असं तू म्हणशील. कळत होतं. करवत नव्हतं. माझं सगळं शिक्षण एका गोष्टीसाठी झालं आहे, जे नाही ते आहे असं म्हणायचं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले, खडू उचलला आणि म्हटलं, "धिस इज अ फिश."

मुलांनी खडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा कसा असेल, याची कल्पना तू करू शकतेस. परीक्षेचा निकाल वाचताना असतो तसाच. मग कुसुमने मान खाली घातली आणि पुटपुटली, "येस, बाई." मागोमाग सगळा वर्ग म्हणाला, येस, बाई.

ती भीती होती. त्यांना खडू ठाऊक होता, मासा ठाऊक होता, आणि तरीही ती मला हो म्हणाली. तुझं खोटं त्यांना ओळखू यायचं, कारण तू आत हसते आहेस हे त्यांना दिसायचं. माझ्या आत त्यांना काय दिसत होतं? मी तो खडू टेबलावर ठेवला आणि उरलेला तास त्यांना पाढे लिहायला लावले. घरी आले तेव्हा तुझी चप्पल अजून दाराशीच होती, आई ती हलवू देत नाही. मी तिच्यासमोर पायरीवर बसून राहिले. तुझ्यावर मला भयंकर राग आला होता. इतकी विद्या कुणी स्वतःबरोबर घेऊन जातं का?

मग तो दिवस आला. मंडळाचे अध्यक्ष तुला ठाऊक आहेत, संस्थानच्या काळात हुजूर कचेरीत होते, सगळा मोहल्ला त्यांना साहेबच म्हणतो. काळी टोपी, हातात काठी, बंद गळ्याचा कोट. त्यांच्याबरोबर मंडळाचे चिटणीस आणि आणखी चारदोन जण. मोठ्या बाईंनी मुलांना नवे गणवेश घालून यायला सांगितलं होतं. मी पुस्तक उचललं आणि विचारलं, व्हॉट इज धिस? कुणी बोललं नाही. पेन्सिल उचलली. कुणी बोललं नाही. चिटणिसांनी घड्याळात पाहिलं. मी तिसरी वस्तू उचलली आणि प्रश्न न विचारताच खाली ठेवली.

साहेबांना माझी कीव आली असावी. मुलांची भीती मोडावी, या चांगल्या हेतूने ते स्वतः उठले, काठीवर दोन्ही हात ठेवून पुढे झुकले आणि त्यांच्या त्या जुन्या, संथ, घडीव इंग्रजीत म्हणाले की मुलांनो, तुम्ही भाग्यवान आहात. तुम्ही या शहरात राहता.

"इंदोर," साहेब म्हणाले, "इज द कॅपिटल ऑफ अवर स्टेट."

वहिनी, मी मुलांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यांवर जे उजाडलं ते मी कधी विसरणार नाही. इतक्या आठवड्यांनी कुणीतरी पुन्हा खेळायला आलं होतं. सगळा वर्ग एकदम उभा राहिला.

"नो, सर! भोपाळ इज द कॅपिटल!"

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि विचारलं, "हू सेज?"

यापुढे काय होणार हे त्या खोलीत फक्त मला आणि मुलांना माहीत होतं. कुसुम पुढे आली. तिचे डोळे चमकत होते. "बाईज हजबंड, सर!" असं ती खणखणीत आवाजात म्हणाली, आणि सगळी मुलं खदखदून हसली. तू असताना हसायची तशी. त्या एका क्षणात मी आनंदात होते. बोलली होती, वहिनी. तुझी मुलं बोलली होती, अनोळखी माणसासमोर, कुणी न पढवता, पूर्ण वाक्यात. आपला वाद तू जिंकलीस.

मग मी मोठ्या माणसांकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. त्यांच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या कचेऱ्यांत बसलेला होता किंवा बसणाऱ्याचा मुलगा होता. राजधानी गेल्याचं त्यांना कुणी सांगायला नको होतं, आणि चौथीतल्या मुलांनी हसत हसत तर नकोच नको होतं.

चिटणीस माझ्या कानाशी आले. "ताई, बुजुर्ग माणूस आहे," ते कुजबुजले. "बच्चों से बुलवा दो, सर इज राइट. बात खतम. वर्ग राहील तुमचा, माझा शब्द."

तीन शब्द. मुलं माझ्याकडे पाहत होती, साहेबही पाहत होते. आदल्या आठवड्यात खडूला मासा म्हटला तेव्हा याच मुलांनी घाबरून हो म्हटलं होतं. आज ती घाबरायची थांबली होती. आणि आता मीच त्यांना सांगायचं होतं की खरं बोललात, माफी मागा.

"साहेब, मुलांचं बरोबर आहे," मी म्हटलं. "राजधानी भोपाळ आहे."

साहेबांनी टोपी नीट केली आणि बाहेर गेले. त्यांच्यामागे बाकीचे. त्याच संध्याकाळी तास बंद करण्याचा ठराव झाला.

मी जे बोलले त्याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी मुलांच्या तोंडून ते तीन शब्द वदवून घेणार नाही. आपल्यातला हा मुद्दा मी सोडायला तयार नाही, तू कितीही हसलीस तरी. पण वर्ग गेला, हेही खरं आहे, आणि ही दोन खरी वाक्यं एकाच वेळी सहन करण्याची रीत मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी राजवाड्यामागच्या गल्लीत साहेबांच्या घरी गेले. का गेले ते माझं मलाच स्पष्ट नव्हतं. साहेब ओसरीवर एकटे बसले होते. कोट नव्हता, टोपी नव्हती. एवढे लहान दिसत होते. मला बसा म्हणाले, आत कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं, आणि मी काही बोलण्याआधी तेच बोलू लागले.

"मला माहीत आहे भोपाळ," ते म्हणाले. "मुलं-सुना सगळी तिकडेच गेली नोकरीपायी. हे घर रिकामं झालंय ते भोपाळमुळेच. मराठीत बोललो असतो तर चुकलो नसतो. पण माझं इंग्रजी त्या राज्यातलं आहे, बेटा. ते बोलायला लागलो की राजधानी इथेच असते."

मग मी त्यांना तुझा खेळ सांगितला. केळं, पेला, कुसुमने खाल्लेला घास, आणि ते इंदोर-भोपाळ. तू रोज खोटं कसं बोलायचीस आणि मुलं तुला कशी पकडायची. मुलांना वाटलं की साहेबांनाही बाईंचा खेळ येतो, असं मी म्हटलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी एकही शब्द खोटा बोललेली नाही. खेळाचं हे वाक्य कालही माझ्याजवळ होतं. ते पूर्णपणे खरं होतं आणि त्याने सगळं वाचलं असतं, आणि मला ते दिसलं नव्हतं.

"म्हणजे मुलं माझ्यावर हसत नव्हती," साहेब म्हणाले.

नाही, मी म्हटलं. तुम्ही आलात म्हणून हसत होती.

"काल का नाही बोललीस हे?"

सुचलं नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. ठरावावर सही झाली होती, टकळ्या आणि कापसाचे पेळू आणायला माणूस गेला होता, मंडळातल्या निम्म्यांना इंग्रजी मुळातच नको होतं आणि त्यांना आता निमित्त मिळालं होतं. अध्यक्षच दुसऱ्या दिवशी फिरला, तर त्याचं उद्या कोण ऐकणार? हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं, जवळजवळ विनवल्यासारखं. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "सुमतीबाई असत्या, तर त्यांनी तिथल्या तिथे मला हसवलं असतं. मी हसलो असतो हो. माझी काही हरकत नव्हती."

हे ओझं मी कुठे ठेवू, सांग. मुंबईला जाताना सोबत नेऊ? दादाला हे सांगितलेलं नाही. त्याने फक्त तास बंद झाल्याचं ऐकलं, आणि या शनिवारी तो आला नाही. तू मला सत्य कसं सिद्ध करायचं हे शिकवू शकत नव्हतीस, ते मला येतं. ते माणसासमोर कसं धरायचं, हे तू रोज माझ्यासमोर करून दाखवत होतीस, आणि मी त्याला अशुद्धी म्हणत राहिले. आता शिकायची तयारी आहे, तर वर्ग नाही आणि बाईही नाहीत.

काल शेवटचा तास होता. मोठ्या बाईंनी सकाळच्या प्रार्थनेनंतर मुलांना सगळं सांगितलं होतं. उद्यापासून या वेळेला टकळी. कोपऱ्यात पेळूंची टोपली येऊन पडली होती. मी वर्गात गेले तेव्हा मुलं उभी राहिली, बसली, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी काही तयार करून नेलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न ठरवता फळ्यासमोर उभी होते. तुझी आठवण येत होती. मी हसायचा प्रयत्न केला, तू करायचीस तसा, आतून. डोळ्यांत पाणी होतं, ते लपवलं नाही.

"टुमॉरो," मी म्हटलं, "वी हॅव इंग्लिश."

त्यांनी मला पकडायला हवं होतं. टोपली तिथेच होती. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि त्यासाठी लागणारे शब्दही त्यांच्याजवळ होते, तूच दिलेले. मी वाट पाहिली. खरोखर वाट पाहिली, वहिनी. कुणीही नो म्हटलं नाही.

मग कुसुम उठली. तिने टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती माझ्याकडे पाहून हसली.

"येस, बाई," ती म्हणाली. या वेळी ती मला घाबरलेली नव्हती.